आधी ब्रेक, मग ताकद

१९६४ साली अमेरिकेतल्या पाँटिॲक कंपनीने मध्यम आकाराच्या एका गाडीत ३८९ घनइंचांचे, म्हणजे जवळपास ६.४ लिटरचे व्ही-८ इंजिन बसवले आणि ‘जीटीओ’ बाजारात आणली. ३२५ अश्वशक्ती, मागच्या चाकांना ओढ, आणि किंमत तरुण नोकरदाराच्या आवाक्यात. त्याच वर्षी फोर्डची मस्टँग आली, १९६६ मध्ये डॉजची चार्जर. ही चढाओढ १९७० पर्यंत वाढत गेली. मग हवा-प्रदूषणाचा कायदा, चढे विमा-हप्ते आणि १९७३ चे तेलसंकट यांनी ती बसवली. या गाड्यांना पुढे ‘मसल कार’ हे नाव चिकटले, आणि त्या घरच्या गॅरेजात उघडून, आजच्या रस्त्याला पुरतील अशा करून चालवणे हा तिकडे पिढ्यान्‌पिढ्यांचा छंद होऊन बसला.

एक गोष्ट मात्र कौतुकाच्या भरात झाकली जाते. त्या पहिल्या जीटीओला चारही चाकांना ड्रम ब्रेक होते. ताकद कितीतरी वाढली, थांबण्याची व्यवस्था जवळजवळ जुनीच राहिली. घरी जुनी गाडी सुधारण्याच्या प्रश्नाचा आढावा मी या एका गोष्टीच्या प्रकाशात घेणार आहे, कारण जालना जिल्ह्यातल्या बदनापूरसारख्या तालुक्याच्या गावात तो आज नेमका असाच उभा आहे.

आपल्याकडे मसल कार म्हणून आवर्जून नाव घेतले जाते ते हिंदुस्थान मोटर्सच्या काँटेसाचे. कोलकात्याजवळच्या उत्तरपाडा कारखान्यात ती १९८४ पासून २००२ पर्यंत बनली. मूळ आराखडा इंग्लंडच्या व्हॉक्सॉल कंपनीचा, सत्तरीच्या दशकातला. लांब बॉनेट, रुंद बूड, मागची चाके ओढणारी. सुरुवातीला तिच्यात ॲम्बॅसेडरचेच १,४८९ सीसीचे इंजिन होते, पन्नासेक अश्वशक्तीचे. टनापेक्षा जड गाडीला ते अपुरे पडले. पुढे इसुझूचे १.८ लिटरचे पेट्रोल इंजिन आणि पाच गिअरचा बॉक्स आला, तेव्हा कुठे गाडीला तिच्या चेहऱ्याला शोभेल असा जोर मिळाला. ताकदीच्या हिशेबाने काँटेसाला मसल कार म्हणणे धाडसाचेच आहे. बांध्याच्या हिशेबाने मात्र ते योग्य आहे. इंजिनाभोवती मोकळी जागा, वेगळा गिअरबॉक्स, लांब प्रोपेलर शाफ्ट, मागे अखंड ॲक्सल: घरी उघडायला आणि समजून घ्यायला अशी गाडी सोपी.

मराठवाड्यात काँटेसा मोजक्याच घरांत आल्या. इथला खरा जुना ऐवज म्हणजे ॲम्बॅसेडर, कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातली पद्मिनी आणि सर्वांत जास्त महिंद्राच्या जीप: सीजे-५००डी, एमएम-५४०, कमांडर, मेजर. सभा, लग्न, दवाखाना, बाजार समिती, सगळे या गाड्यांनी केले. आता त्या शेडमध्ये नाहीतर घरामागच्या पत्र्याखाली उभ्या आहेत आणि घरातल्या तिशीच्या मुलाला त्यातली एखादी चालू करायची असते. नुसती चालू करून त्याचे समाधान होत नाही. तिला एसी हवा, डिस्क ब्रेक हवेत, चांगले दिवे हवेत, जोर हवा.

या कामासाठी बदनापूरची जागा मला फार अनुकूल वाटते. पश्चिमेला छत्रपती संभाजीनगरचा पट्टा: वाळूजला बजाजचा कारखाना १९८५ पासून, शेंद्र्याला स्कोडा २००१ पासून, आणि त्यांच्या आधाराने उभी राहिलेली सुटे भाग करणारी शेकडो लहान युनिटे. पूर्वेला जालना, भंगार वितळवून सळई करणाऱ्या भट्ट्यांचे शहर. एकीकडे लेथ, मिलिंग, ग्राइंडिंगचे हात आहेत, दुसरीकडे जुने लोखंड येते तो रस्ता आहे. हवाही कोरडी. कोकणातली जीप दहा वर्षांत तळातून गळते. इथली चाळीस वर्षांनंतरही चॅसिसला धड असते. पत्रा सडतो तो मुख्यतः बॅटरीखाली, दाराच्या कडेला आणि पाणी साचणाऱ्या फ्लोअरवर. म्हणजे डेंटिंगवाल्याचे काम इथे निम्मे कमी होते, आणि वाचलेला पैसा कुठे घालायचा हा प्रश्न उरतो.

बहुतेकांचा पैसा आधी रंगाला आणि मॅगव्हीलला जातो. त्यावर मला फार लिहायचे नाही. रंग शेवटी.

गाडीची सुधारणा सुरू झाली पाहिजे ती ब्रेकपासून. वस्तुमान तेच असेल तर गाडीच्या अंगातली ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते. ताशी ६० वरून १०० वर गेलात तर ब्रेकला जवळपास पावणेतीनपट ऊर्जा उष्णतेत बदलून बाहेर टाकावी लागते, १२० वर चौपट. या गाड्या ज्या रस्त्यांसाठी घडल्या ते रस्ते आता राहिले नाहीत. डिसेंबर २०२२ मध्ये समृद्धी महामार्गाचा नागपूर-शिर्डी टप्पा खुला झाला, जून २०२५ मध्ये तो पूर्ण ७०१ किलोमीटरचा झाला. तो जालना आणि बदनापूर तालुक्यांतून जातो आणि तिथे कारला ताशी १२० ची मुभा आहे. पन्नास-साठच्या वेगासाठी आखलेला ड्रम ब्रेक त्या सिमेंटवर नेला तर पहिला जोरदार ब्रेक लागेल, दुसरा कमी लागेल, तिसऱ्याला पेडल खाली जाईल. ड्रम तापून फुगतो, लायनर त्याच्यापासून लांब जाते, घर्षण कमी होते. उतारावर भरलेला टेम्पो चालवणाऱ्याला हे सांगावे लागत नाही.

जुन्या गाड्यांत आणखी मोठा धोका आहे तो मास्टर सिलेंडरचा. बऱ्याच जुन्या जीप, ॲम्बॅसेडर आणि पद्मिनींत तो एकेरी होता. एका चाकाच्या व्हील सिलेंडरचे रबर फाटले की चारही चाकांचे ब्रेक ऑइल निघून जाते. दुहेरी मास्टर सिलेंडर बसवला तर पुढची आणि मागची लाइन वेगळी होते आणि एक गेली तरी दुसरी गाडी थांबवते. मला एकच सुधारणा निवडायला सांगितली तर मी ही निवडेन. तिने गाडीचे रूप बदलत नाही, ती फोटोत येत नाही, आणि जीव वाचवते.

त्यानंतर पुढे डिस्क. इथे घाई करणारे चुकतात. डिस्कला ड्रमपेक्षा जास्त दाब लागतो, म्हणून बूस्टर लागतो. ड्रमच्या लाइनमध्ये थोडा दाब धरून ठेवणारा व्हॉल्व्ह असतो. तो तसाच ठेवून डिस्क जोडली तर पॅड सतत घासत राहतात आणि हब तापतो. पुढचे ब्रेक एकदम जोरदार झाले आणि मागचे जुनेच राहिले तर गाडीचे वजन पुढे झुकते, मागची हलकी चाके आधी अडकतात आणि गाडी आडवी होते. त्यासाठी मागच्या लाइनला दाब कमी करणारा व्हॉल्व्ह लागतो. आणि ब्रेकचा कुठलाही कंस घरी गॅस वेल्डिंगने चिकटवू नये. तो एकसंध प्लेटमधून कापून, छिद्रे लेथ किंवा मिलिंगवर नेमकी करून घ्यावी. वाळूजच्या पट्ट्यात हे काम करणारे हात आहेत.

ब्रेक उघडताना लायनरची धूळ कॉम्प्रेसरच्या हवेने उडवायची सवय सगळ्या गॅरेजांत आहे. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असे. ती धूळ फुप्फुसात जाऊन बसते आणि वीस-तीस वर्षांनी आजार होऊन बाहेर येते. पाण्याने भिजवून, फडक्याने पुसून काढावी. गाडीखाली शिरताना नुसत्या जॅकवर विसंबू नये. घोडी लावावी, चाकांना उटी लावावी. घरच्या अंगणात लहान मुले फिरत असतात, म्हणून हे इथे लिहिणे मला गरजेचे वाटते.

स्टिअरिंगचे काम ब्रेकइतकेच महत्त्वाचे, पण ते थोडक्यात सांगता येते. किंगपिन, बुश, टाय-रॉडचे बॉल जॉइंट, पाट्यांचे शॅकल: जे ढिले आहे ते बदलायचे आणि मगच टायरचा विचार करायचा. पद्मिनीला ५.२०-१४ आणि ॲम्बॅसेडरला ५.९०-१५ मापाचे क्रॉसप्लाय टायर असत. त्यांच्या जागी योग्य मापाचे रेडियल बसवले की गाडीची रस्त्यावरची पकड लगेच सुधारते. रुंद टायरचा मोह मात्र किंगपिन आणि हबचे बेअरिंग लवकर खातो.

आता उन्हाळा. एप्रिल-मे महिन्यांत इथे पारा ४२ च्या आसपास जातो आणि जुनी गाडी जालना रोडला वाफ सोडत उभी राहते. यावर गॅरेजांत एक सर्रास उपाय केला जातो: थर्मोस्टॅट काढून टाकणे. मला तो पटत नाही. थर्मोस्टॅट नसेल तर इंजिन योग्य तापमानाला यायला फार वेळ लागतो, तेल पातळ होत नाही, सिलेंडर लवकर घासतो आणि गाडी पेट्रोल जास्त पिते. खरे दुखणे बहुधा रेडिएटरमध्ये असते. वर्षानुवर्षे त्यात बोअरचे क्षाराचे पाणी ओतले जाते आणि नळ्यांच्या आत थर धरतो. रेडिएटर उघडून रॉडिंग करून घ्यावे, ब्लॉकचे वॉटर जॅकेट धुवावे, शुद्ध पाणी आणि कूलंट घालावे, पंख्याभोवती आच्छादन बसवावे. एवढे केल्यावर इलेक्ट्रिक पंख्याची गरज उरते का ते पाहावे. एसी बसवायचा असेल तर हा पंखा हवाच, कारण कंडेन्सर रेडिएटरच्या पुढे बसतो आणि आधीच गरम झालेली हवा मागे पाठवतो.

वायरिंग हा घरी करण्याजोगा, समाधान देणारा भाग आहे. जुन्या डायनामोला मंद गतीला पुरेशी वीज करता येत नाही. गाडी ट्रॅफिकमध्ये उभी असली की दिवे पिवळे पडतात. अल्टरनेटर बसवला की हा त्रास संपतो, पण मग बॅटरीपासूनची मुख्य वायर जाड घ्यावी लागते. हेडलाइटचा सगळा प्रवाह जुन्या स्विचमधून जाऊ देऊ नये. रिले बसवावा, प्रत्येक सर्किटला वेगळा फ्यूज द्यावा. काही जुन्या गाड्यांत बॅटरीचे पॉझिटिव्ह टोक बॉडीला जोडलेले असते, ते न पाहता अल्टरनेटर जोडला तर त्यातले डायोड क्षणात जळतात. पॉइंटच्या जागी इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवणे ही स्वस्त आणि सर्वांत गुणकारी सुधारणांपैकी एक. गाडी सकाळी एका सेल्फमध्ये सुरू होते.

इंधनाचा प्रश्न नवा आणि तातडीचा आहे. फेब्रुवारी २००० पासून देशभर शिशाविरहित पेट्रोल आले. त्याआधीच्या लोखंडी हेडच्या इंजिनांत व्हॉल्व्हच्या सीटना शिशाचा लेप एक प्रकारे संरक्षण देई. म्हणून ॲम्बॅसेडर किंवा पहिल्या काँटेसाचे हेड उघडलेच असेल तर कडक धातूच्या सीट बसवून घ्याव्यात. आता २०२५ पासून पंपांवर २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळते. त्यातले काही इथेनॉल महाराष्ट्राच्या उसातून येते आणि शेतकऱ्याला त्याचा आधार आहे. त्याला माझा विरोध नाही. पण कार्बोरेटरच्या गाडीने काय करायचे हे कोणी तरी नीट सांगायला हवे.

इथेनॉलमध्ये स्वतःचा ऑक्सिजन असतो. शुद्ध पेट्रोलच्या एका भागाला जळायला सुमारे १४.७ भाग हवा लागते, इथेनॉलला ९. संगणक असलेली नवी गाडी हे ओळखून इंधन वाढवते; सोलेक्सचा कार्बोरेटर ओळखत नाही. मिश्रण विरळ होते, इंजिन तापते, पिकअपला ठेचकाळते. मेन जेट एखाद्या मापाने मोठा करून, प्लगचा रंग पाहत जुळवून घ्यावे लागते. दुसरे, इथेनॉल जुन्या रबराला फुगवते आणि मऊ करते. पंपाचा डायफ्रॅम, फ्लोट चेंबरचे पॅकिंग, पेट्रोलची नळी हे सगळे इथेनॉल सोसणाऱ्या रबराचे घ्यावे. मऊ झालेली नळी तापलेल्या मॅनिफोल्डजवळ फुटली तर गाडी पेटते. तिसरे, इथेनॉल हवेतले पाणी ओढते. गाडी पावसाळाभर उभी राहिली तर टाकीच्या तळाशी पाणी साचून गंज धरतो. कमी चालणाऱ्या गाडीची टाकी पावसाळ्याआधी रिकामी करून कोरडी ठेवलेली बरी.

मग इंजिनाची ताकद. रिबोअर करून वीस किंवा चाळीस थाउचे (थाउ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) ओव्हरसाइज पिस्टन, नीट बसवलेले व्हॉल्व्ह, हेड फेसिंग, मोकळा पण शांत सायलेन्सर, अचूक टायमिंग: एवढ्याने गाडी तिच्या तारुण्यातल्या जोराला परत येते, कधी थोडी पुढेही जाते. त्यापुढे लोक दुसरे इंजिन बसवण्याकडे वळतात. ही प्रथा नवी नाही. मॅटाडोर टेम्पोचे डिझेल इंजिन जीप-ॲम्बॅसेडरमध्ये बसवणारे मिस्त्री मराठवाड्याने पाहिले आहेत, आणि त्या काळी पेट्रोलचा खर्च वाचवायला तो उपाय लागूही पडला. ॲम्बॅसेडरला काँटेसाच्या घराण्यातले इसुझू इंजिन आणि पाच गिअरचा बॉक्स कारखान्यानेच नव्वदच्या दशकात दिला होता, म्हणून हा बदल यांत्रिक दृष्ट्या गाडीच्या प्रकृतीला मानवतो.

यंत्र मानते, कायदा मानत नाही. मोटार वाहन कायदा, १९८८ चे कलम ५२ सांगते की नोंदणीतला तपशील उत्पादकाने मुळात दिलेल्या तपशिलापेक्षा वेगळा होईल असा बदल मालकाने करू नये. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हाच अर्थ कायम केला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२अ नुसार बेकायदा बदलाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकते. त्याच जातीचे, त्याच कंपनीचे इंजिन परवानगीने बदलता येते. रंग बदलून आरसीवर नोंद करता येते. सीएनजी किंवा विजेचे मान्यताप्राप्त किट अधिकृत केंद्रात बसवता येते. अपंग व्यक्तीसाठी गाडी जुळवून घेता येते. झिजलेला भाग बदलणे ही दुरुस्ती आहे. वेगळ्या इंजिनाची जीप मात्र परिवहन कार्यालयाच्या नजरेत दुसरीच गाडी ठरते, आणि अपघात झाला तर विमा कंपनी भरपाईला आक्षेप घेऊ शकते. त्या वेळी समोरच्या जखमी माणसाचे काय, हा विचार मला कुठल्याही दंडापेक्षा जड वाटतो.

जुलै २०२१ मध्ये केंद्राने व्हिंटेज गाड्यांसाठी वेगळे नियम केले. ५० वर्षांहून जुनी, चॅसिस, बॉडी आणि इंजिनात मोठा बदल नसलेली गाडी त्यात बसते. नव्या नोंदणीला २०,००० रुपये, क्रमांकात ‘व्हीए’ ही अक्षरे, आणि नोंदणी दहा वर्षांची. ती गाडी रोजच्या वापराला मात्र काढता येत नाही. हिशेब करा: १९८४ ची पहिली काँटेसा २०३४ मध्ये पन्नाशी गाठेल. तोपर्यंत ती साधी जुनी गाडी आहे आणि दर पाच वर्षांनी पासिंग करून घ्यावे लागते. ऑगस्ट २०२५ मध्ये वीस वर्षांपुढच्या कारच्या नोंदणी नूतनीकरणाचे शुल्क १०,००० रुपये झाले, वर राज्याचा पर्यावरण कर. वीस ते पन्नास वर्षे वयाच्या या गाड्या आपल्या कायद्यात कुठेच जपण्याजोग्या मानलेल्या नाहीत, आणि नेमक्या याच गाड्या आपल्या आई-वडिलांच्या पिढीच्या आयुष्याशी जोडलेल्या आहेत.

जर्मनीने यावर एक मार्ग काढला आहे. तिथे तीस वर्षांपुढची, बहुतांश मूळ स्थितीतली गाडी तपासून तिला खास क्रमांक देतात. रोज चालवायला बंदी नाही. आणि कुणी ब्रेक किंवा चाके बदलली असतील तर मान्यताप्राप्त अभियंता तो एकेक बदल तपासून कागदावर घेतो. पुण्यात १९६६ पासून काम करणारी ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन आहे, अहिल्यानगरला लष्करी वाहनांची संशोधन संस्था आहे. वाहन तपासण्याचे ज्ञान राज्यात भरपूर आहे. दुहेरी मास्टर सिलेंडर, डिस्क ब्रेक, तीन बिंदूंचा सीट बेल्ट असे सुरक्षेचे ठरावीक बदल तपासून आरसीवर नोंदवायची सोय जिल्हा पातळीवर झाली पाहिजे, असे मला मनापासून वाटते. आज जो प्रामाणिक मालक ब्रेक सुधारतो तो आणि जो कर्कश सायलेन्सर लावतो तो, दोघेही ‘बदल’ या एकाच सदरात पडतात. हे अन्यायाचे आहे आणि धोक्याचेही, कारण माणूस सुरक्षेचा बदल लपवून, घाईत आणि तपासणीविना करतो.

डिसेंबर २०२१ मध्ये सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्रे गावच्या एका कारागिराने भंगारातून सुमारे ६०,००० रुपयांत बनवलेली, दुचाकीसारखी किक मारून सुरू होणारी छोटी जीप गाजली. उद्योगपती आनंद महिंद्रांनी तिचे जाहीर कौतुक केले, ती नियमांत बसत नाही हेही सांगितले, आणि तिच्या बदल्यात त्या कुटुंबाला बोलेरो दिली. मला त्या घटनेत कारागिराचा हात दिसतो आणि त्या हाताला रस्त्यावर न्यायला कुठलीच पायवाट नाही हेही दिसते. पंजाब-हरियाणाच्या सीमेवरच्या मंडी डबवालीत बनणाऱ्या जीप आपल्याकडेही हौसेने आणल्या जातात. ज्यांच्या चॅसिस क्रमांकाचा आणि कागदांचा मेळ बसत नाही अशी जीप कितीही देखणी असली तरी घेऊ नये.

हे काम ज्यांच्याकडून शिकायचे ते मिस्त्री आता साठी-सत्तरीत आहेत. दखनीत बोलत, हाताच्या अंदाजाने टॅपेट लावणारे हे उस्ताद क्रमाक्रमाने दुकान बंद करत आहेत, आणि आयटीआयमधून बाहेर पडणाऱ्या मुलाला स्कॅनर लावता येतो, पॉइंटचा गॅप लावता येत नाही. दोष मुलाचा नाही. त्याच्या अभ्यासक्रमापुढे नवी गाडी आहे. म्हणून घरी काम करणाऱ्याने प्रत्येक माप वहीत लिहून ठेवावे: कोणत्या बोल्टला किती टॉर्क, कुठला जेट, कुठल्या गाडीचा मास्टर सिलेंडर बसला, लेथवाल्याने बुश किती थाउचा केला. बिल आणि जुन्या भागांचे फोटोही त्याच वहीत. पासिंगला आणि विम्याला तेच कामी येते, आणि पुढच्या मालकालाही.

खरीप घरात आल्यापासून पाऊस सुरू होईपर्यंतचा काळ या कामाला बरा. पहिल्या हंगामात ब्रेक, स्टिअरिंग, वायरिंग, रेडिएटर आणि इंधनाच्या नळ्या एवढेच घ्यावे. मग गाडी गावाजवळच्या रस्त्यांवर पाचशे किलोमीटर चालवावी, हेडचे बोल्ट आणि पाट्यांचे यू-बोल्ट पुन्हा आवळावेत, ब्रेक ऑइलची पातळी पाहावी, चारही हबला हात लावून कोणता जास्त तापतो ते बघावे. हे सगळे ठीक असेल तर दुसऱ्या वर्षी इंजिन उघडायला घ्यावे.